माड-पोफळीची रोपं घ्यायची असतील तर: शेखाडी रस्त्यावरची बायकांची रोपवाटिका

दिवेआगरहून शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धनकडे निघालं, की समुद्र उजव्या हाताला राहतो. डाव्या हाताला एका वळणापाशी जांभ्याचा गडगा लागतो आणि गडग्यामागे हिरवी शेडनेट दिसते. पाटी हाताने रंगवलेली आहे: ‘माड, पोफळ, जायफळ, मिरी. रोपे मिळतील.’ बचत गटातल्या बायका ही रोपवाटिका चालवतात. 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीचा, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेचा, मोठा भाग आडवा झाला, त्यानंतर मी रोपं इथूनच घेत आले आहे. मुंबई-पुण्याचे नातेवाईक, ज्यांच्या गावाकडच्या वाड्या अजून रिकाम्या आहेत, ते सारखे विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

निकाल आधी सांगते. वादळात गेलेली वाडी पुन्हा उभी करायची असेल तर इथेच जा. गुलाब, शोभेची झाडं, रंगीत कुंड्या हव्या असतील तर इथे काही मिळणार नाही. गाडी रस्त्यावर चालू ठेवून डिकीत पन्नास रोपं टाकून निघायचं असेल, तरीही जाऊ नका. त्या तशी रोपं देत नाहीत, आणि मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा गटातल्या एका बाईंनी मला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि विचारायला सुरुवात केली. “काकू, तुमची वाडी कुठल्या अंगाने उघडी पडली? दुपारनंतरचं ऊन कुठून शिरतं? मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहतं? आणि शिंपणं कोण करणार, घरात माणूस आहे का?” मी म्हटलं, “अगो, मला शंभर पोफळी हव्यात, तेवढ्या दे.” त्या म्हणाल्या, “देते की. पण ऊन कुठून येतं ते सांगा आधी.”

हा प्रश्न का, ते वाडीतल्या माणसाला लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगते. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, सावलीत वाढतं. नैर्ऋत्येकडून येणारं दुपारचं कडक ऊन तिच्या कोवळ्या खोडावर सतत पडलं की खोड करपतं, तिथे पुढे चीर पडते आणि मग वाऱ्याचा एखादा झोतही त्या जागेवर झाड मोडायला पुरतो. जुन्या वाड्यांमध्ये माडांची सावली वरून असायची, पोफळी त्याखाली, मिरीचे वेल खोडांवर, जायफळ मधल्या जागेत. 3 जून 2020 ला दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, वारा ताशी 110 ते 120 किलोमीटरचा, झोत त्याहून जास्त. माड मुळासकट पडले आणि पडताना खालच्या पोफळी घेऊन गेले. कित्येक पोफळी मधोमध मोडल्या. पण ज्या उभ्या राहिल्या, त्यांचं छप्पर गेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यातल्याही बऱ्याच करपल्या. म्हणजे वादळ एका दुपारचं, आणि वाडी मरत राहिली वर्षभर. हे पंचनाम्यात कुठेच आलं नाही, कारण पंचनामे जूनमध्येच झाले.

तर त्या बाईंनी मला पहिल्या खेपेला पोफळीची रोपं दिलीच नाहीत. केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, दिले. “नैर्ऋत्येच्या अंगाला केळी लावा. सावली होऊ दे. पुढच्या पावसाला या, तुमच्या पोफळी राखून ठेवते.” उभ्या राहिलेल्या पोफळींच्या खोडांना उन्हाच्या बाजूने सुक्या झावळ्या आणि पोफळीच्याच विऱ्या (झावळीच्या बुडाचा रुंद, पसरट भाग) बांधायला सांगितल्या. आम्ही बांधल्या. ती झाडं आज फळ धरती आहेत.

रोपांबद्दल. पोफळीची रोपं त्या स्वतः बी टाकून करतात, आणि बी आणतात ते वादळात टिकलेल्या झाडांचं. आसपासच्या गावांमधून फिरून त्यांनी अशी झाडं हेरून ठेवली आहेत, प्रत्येकावर चुन्याने खूण आहे, मालकाला बेड्याचे, म्हणजे पोफळीच्या फळांचे, पैसे देतात. नुसतं वादळात टिकलं एवढं पुरत नाही. एखादं झाड घराच्या आडोशामुळेही टिकतं. म्हणून त्या झाड दरवर्षी धरतं का, शेंडा भरगच्च आहे का, खोडावरचे पेरे जवळजवळ आहेत का हे बघतात. मग पूर्ण पिकलेलं फळ, वजनाला 35 ग्रॅमच्या वर, आणि त्यातही पाण्यात टाकल्यावर देठाकडची बाजू वर करून उभं तरंगणारं तेवढंच ठेवतात. आडवं पडलेलं बाजूला. हे मला एकीने घमेल्यात पाणी घेऊन करून दाखवलं. कृषी विद्यापीठाची माणसं हेच सांगतात आणि माझे सासरेही हेच करायचे, त्यांना कुणी शिकवलं होतं ते मला माहीत नाही. वाळूच्या वाफ्यात साधारण दीड महिन्याने कोंब येतात, तीन महिन्यांची झाली की पिशवीत, आणि वर्ष ते दीड वर्षाचं, निदान पाच पानांचं झाल्याशिवाय रोप गडग्याबाहेर जात नाही.

वादळानंतरच्या पहिल्या दोन पावसाळ्यांत आमच्याकडे परजिल्ह्यांतून टेंपो भरून रोपं आली होती. सगळ्यांना एकाच वेळी हवी होती, नुकसानभरपाईचे पैसे हातात आले होते, आणि विकणाऱ्यांनी काय विकलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. उंच, लांब पानांची, दिसायला छान. बुंधा मात्र काडीसारखा. अशा रोपांना सावलीत दाटीने वाढवलेलं असतं, आणि वाडीत लावली की पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकतात. पोफळीची चूक पाच-सात वर्षांनी कळते, माडाची त्याहून उशिरा. तेवढ्यात माणसाचं वय निघून जातं. म्हणून रोप कुठून आलं, कुठल्या झाडाचं, हे सांगणारा विक्रेता मला दहा रुपये जास्त घेत असला तरी चालतो.

या पावसाळ्याचे त्यांचे भाव: दीड वर्षाचं पोफळीचं रोप 40 रुपये, बाणवली (उंच जातीचा) माड 130, जायफळाचं कलम 350, मिरीचं रोप 25. केळीचे मुनवे घरचे असतील तसे. भाव वर्षभर तोच राहतो. पाऊस पडला म्हणून वाढत नाही.

माडाची रोपंही चांगली. नारळ रुजत घातल्यावर जे लवकर कोंबतात तेच ठेवतात, पाच महिने झाले तरी न कोंबलेले काढून टाकतात. बुंधा जाड, पानं चिरायला लागलेली. मी घेतलेल्या माडांपैकी एक गेंड्या भुंग्याने खाल्ला, बाकी उत्तम आहेत.

या भुंग्याबद्दल थांबून सांगायला हवं, कारण तिथे या रोपवाटिकेने सगळ्या आळीचं काम केलं. वादळानंतर आडवे पडलेले माड उचलायला माणसं नव्हती. लॉकडाऊन होता, रस्ते बंद, कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, कटर मशीन मिळेना आणि मिळालं तर भाडं परवडेना. पैसेवाल्यांनी वाड्या साफ करून घेतल्या. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं, त्यांचे माड तिथेच कुजले. कुजलेलं खोड म्हणजे गेंड्या भुंग्याला अंडी घालायला जागा, आणि त्याने पोखरलेल्या, जखमी झालेल्या माडात मग सोंड्या भुंगा शिरतो. तो शिरला की माड वाचवणं फार कठीण. भुंगा काही कुणाचा गडगा ओळखत नाही. एका म्हाताऱ्या बाईची साफ न झालेली वाडी सगळ्या आळीच्या नव्या लागवडीला धोका. गटाच्या बायकांनी नियम केला, आणि तो आजही आहे: रोपं हवीत तर तुमची आणि शेजारची, दोन्ही वाड्या कुजक्या खोडांपासून मोकळ्या हव्यात. शेजारी करू शकत नसेल तर चार घरं मिळून करा. सुरुवातीला लोक चिडले. मीही शेजारच्या वाडीत जाऊन खोडं ओढली आहेत. शेणाच्या खड्ड्यात टाकायला हिरव्या बुरशीचं पाकीट, मेटारायझियम, रोपांबरोबर देतात. त्याने खड्ड्यातल्या अळ्या मरतात. आमच्या आळीत आज नव्या माडांची पानं कात्रीने कापल्यासारखी फार कमी दिसतात. पलीकडच्या आळीत जाऊन बघा, फरक डोळ्यांनी दिसतो.

आता मुख्य गोष्ट. वाडीवर जगणाऱ्या घराचं वादळानंतर नेमकं काय होतं, ते शहरातल्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. छप्पर गेलं तर पत्रे येतात. भिंत पडली तर बांधता येते. भात बुडालं तर पुढच्या वर्षी पुन्हा भात. पण पोफळ लावल्यापासून धरेपर्यंत पाच ते सात वर्षं, बाणवली माडालाही तितकीच किंवा जास्त. त्या वर्षांत खायचं काय? आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात. आमची 14 गुंठे, आणि ती मोठ्यांत धरतात. सरकारने आधी फळबागेची मदत हेक्टरी 18,000 वरून 50,000 केली. हेक्टर म्हणजे 100 गुंठे. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्याचे 5,000 झाले. मग लोकांनी आवाज उठवला, तेव्हा झाडामागे मदत ठरली, माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये. ते बरं झालं, कारण आमच्याकडे जमीन थोडी आणि झाडं दाट. तरीही 200 पोफळी गेलेल्या घराला त्यांचे 10,000 रुपये, आणि पुढे सात वर्षं.

त्यात सातबारा. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, किंवा अकरा चुलत भावंडांची नावं, निम्मी मुंबईत, दोन परदेशात. पैसे हवेत तर सगळ्यांची संमतीपत्रं आणा. वाडी शिंपणारी गावातली वहिनी, तिचं नाव कागदावर कुठेच नाही. आणि ज्यांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, त्या सुपारी सोलणाऱ्या बायका, माडावर चढणारे गडी, झावळ्या विणणाऱ्या, त्यांचं तर एकही झाड पडलं नाही असंच कागद म्हणतो. काम मात्र त्यांचं आमच्या आधी गेलं.

आणि मग याच काळात जमिनी गेल्या. रोख पैसे घेऊन येणारे लोक वादळानंतर काही महिन्यांतच गावोगाव फिरायला लागले होते. समुद्राकाठची रिकामी वाडी, वर झाड नाही, सात वर्षं उत्पन्न नाही, मुलाची फी थकलेली. माणूस विकणार नाही तर काय करील? आमच्या आळीतल्या दोन वाड्या तशा गेल्या. त्यांना वादळाने नेल्या असं आम्ही म्हणतो, पण त्या वाड्या वादळाच्या दिवशी त्याच घरांच्या होत्या. पुढच्या वर्षी गेल्या, कारण मधली वर्षं काढायला हातात काही नव्हतं. आज तिथे सिमेंटची कुंपणं आहेत, आणि ज्या पाटाने आमच्याकडे पाणी यायचं तो तिथे बुजवलेला आहे. म्हणजे त्यांची वाडी गेली तेव्हा आमची वाडीही आणखी कमजोर झाली.

या रोपवाटिकेचं मोल मला इथे वाटतं. त्या रोपांबरोबर लागवडीचा क्रम देतात. एका वहीच्या पानावर तुमच्या वाडीचा नकाशा काढतात, विहीर कुठे, घर कुठे, समुद्र कुठल्या अंगाला, आणि त्यावर वर्षं मांडतात. पहिल्या वर्षी केळी, कडेने अननस, सुरण, अळू. केळी साधारण वर्षाने पैसे देते. शिल्लक राहिलेल्या माडांवर आणि नव्याने रोवलेल्या पांगाऱ्यावर मिरी, ती तिसऱ्या वर्षापासून थोडी थोडी. दुसऱ्या पावसाला केळीच्या सावलीत पोफळ. माड 25 फुटांवर, त्याहून दाट लावायचं म्हटलं तर रोपच देत नाहीत. जायफळ आणि दालचिनी सावली पक्की झाल्यावर. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडांमध्ये मसाल्याची पिकं घ्यायची जी ‘लाखी बाग’ सांगितली, तिचाच हा धागा, पण ती उभ्या असलेल्या माडांच्या बागेसाठी आहे. आडव्या झालेल्या वाडीत कुठून सुरुवात करायची, ते या बायकांनी आपल्या अंगणात करून बघून बसवलं आहे.

माझ्या वाडीत या क्रमाने दुसऱ्या वर्षापासून केळीचे आणि सुरणाचे पैसे येऊ लागले. फार नव्हेत. पण वीजबिल, किराणा आणि शिंपणाऱ्या बाईची मजुरी निघत होती. 2021 च्या पावसात लावलेल्या पोफळींतल्या पहिल्या काही आता पोय, म्हणजे फुलोरा, काढू लागल्या आहेत. मिरी वाळवून घरापुरती ठेवून विकता येते. आणि पुढचं वादळ आलं, ते येणारच, तर सगळं एका उंचीचं, एका वयाचं, एका जातीचं नसेल. केळी पडेल, पण केळी वर्षात परत येते. जायफळाचं बुटकं झाड माडापेक्षा वाऱ्यात टिकतं. सगळे माड एकाच पिढीचे नसल्यामुळे काही तरी उभे राहतील.

जायफळ घेताना कलमच घ्या. बियांपासून केलेल्या रोपांत निम्मी नराची निघतात, आणि ते कळायला फुलं यावी लागतात. या बायका जायफळाचं बियाचं रोप ठेवतच नाहीत. कोकमाचंही तेच.

उधारीची पद्धत सांगण्यासारखी आहे. दहा गुंठ्यांच्या आतली वाडी असेल आणि घरात दुसरी मिळकत नसेल, तर अर्धे पैसे आत्ता, उरलेले केळीचे घड विकल्यावर. लिहून घेतात, दोन साक्षीदार, व्याज नाही. पाऊस सुरू होताना पहिल्या पंधरा दिवसांत या छोट्या वाड्यांनाच रोपं मिळतात. मोठे बागायतदार आणि रिसॉर्टवाले नंतर. मी स्वतः या नियमामुळे एकदा थांबले, आणि पावसाची ओढ लागल्यामुळे लागवड लांबली. तरी मला हा नियम योग्य वाटतो. उशिरा लावण्याने माझं एक वर्ष मागे गेलं, पण ज्या घराला दुसरा आधार नाही त्याची वाडीच गेली असती.

मातीच्या पिशव्या भरणं, वाफे करणं, बेडे निवडणं, या कामाला त्या मुद्दाम सुपारी सोलणाऱ्या आणि मजुरीवर जाणाऱ्या बायकांना घेतात. वाडीत पोफळ धरेपर्यंत सोलायला सुपारी कुठून येणार? तोपर्यंत त्यांना इथे काम आहे, मजुरी दर शनिवारी हातात. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे इथली सुपारी, प्रसिद्ध आहे, लोक नाव घेऊन मागतात, पण तो सोलणारे, वाळवणारे, निवडणारे हात गाव सोडून गेले तर झाडं धरल्यावर करायचं काय, हा विचार या बायकांनी केला.

आणखी एक सोय, जी रोपवाटिकेच्या कामात मोडत नाही पण मला सगळ्यात उपयोगी पडली. ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवरून आपलं पीक सातबाऱ्यावर नोंदवायचं. आमच्या वाड्यांची मोठी अडचण हीच होती, की झाडं उभी असताना त्यांची नोंद कुठेच नव्हती. वादळानंतर आडव्या झाडांची मोजणी करायची, मग कोण म्हणे शंभर, कोण म्हणे साठ. गटातल्या दोन मुली रोपं नेणाऱ्या घरी जाऊन ही नोंदणी करून देतात, मिश्र पीक असेल तर ते कसं भरायचं तेही दाखवतात. शिवाय झाडांची एक वही करून देतात: किती माड, किती पोफळी, कुठल्या वर्षी लावल्या, चारही कोपऱ्यांतून काढलेले फोटो. फोटोंची एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा म्हणतात, कारण वादळात फोन भिजतो आणि टॉवर बंद पडतो. माझी प्रत पुण्याला बहिणीकडे आहे. सामाईक सातबारा असेल तर संमतीपत्र आत्ताच, गणपतीला सगळे घरी जमतात तेव्हाच करून ठेवा, हाही त्यांचाच सल्ला. गेल्या गणपतीत आम्ही आरतीनंतर बसून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. एका दिराने थोडी कुरकुर केली, पण केली सही.

रोपवाटिका दोन जागी आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. रस्त्यावर दिसते ती एक, आणि आत डोंगराच्या पोटाशी, समुद्रापासून लांब, दुसरी. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं तेव्हा रस्त्याकडच्या शेडनेटच्या चिंध्या झाल्या, वाफ्यांत खारं पाणी आणि वाळू. आतली रोपं वाचली, म्हणून त्या पावसाळ्यात लोकांना रोपं मिळू शकली, मलासुद्धा. तेव्हापासून मातृवृक्षांचं, म्हणजे खूण करून ठेवलेल्या झाडांचं, बी त्या नेहमी दोन्हीकडे निम्मं निम्मं टाकतात.

समुद्राच्या बाजूला वाडी असलेल्यांना उंडी आणि भेंडाची रोपं फुकट देतात. दिवेआगरचं सुरूचं बन निसर्गमध्ये कसं झोपलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना याचं कारण सांगायला नको. उंडी हे आपल्या किनाऱ्याचंच झाड, खारा वारा सोसतं, बियांचं तेल पूर्वी होड्यांना लावत. सावकाश वाढतं एवढंच. अट अशी, की वर्षभराने जगलेलं झाड दाखवायचं. मेलं असेल तर पुढच्या वेळी उंडीचे पैसे द्यायचे.

आता जिथे कमी पडतात ते.

सगळ्यात मोठी अडचण कागदाची. रोजगार हमीतून किंवा फळबाग लागवडीच्या सरकारी योजनेतून लावायचं असेल तर रोपं शासकीय, विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेची लागतात आणि तसं बिल लागतं. या गटाकडे अजून ती मान्यता नाही. हाताने लिहिलेली पावती मिळते, ती अनुदानाच्या फाईलला चालत नाही. त्यामुळे ज्या घराला अनुदानाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच इथली रोपं खिशातून घ्यावी लागतात. उधारीने ते थोडं सुसह्य होतं, पण अन्याय आहेच. गटाने अर्ज केला आहे. ज्यांची ओळख तालुक्याच्या कृषी कार्यालयात आहे त्यांनी या कामात शब्द टाकावा, ही माझी मनापासून विनंती. तोपर्यंत अनुदानाची रोपं मान्यताप्राप्त ठिकाणाहून घ्या, आणि क्रमाचा नकाशा, केळी, मिरी, उंडी इथून. मी विचारलं आहे, रोपं न घेताही त्या नकाशा काढून देतात.

दुसरं, शहाळ्याच्या ठेंगण्या जाती जवळजवळ नसतात. ज्यांची घरगुती राहण्याची सोय आहे, पाहुण्यांना शहाळी द्यायची आहेत, त्यांची इथे निराशा होईल. टी बाय डी, म्हणजे उंच आणि ठेंगण्या जातींच्या संकराची, रोपं कधी असतात, कधी नाही, आणि असली तरी जूनच्या पहिल्या आठवड्यातच संपतात.

पोहोचवून देत नाहीत. टेंपो तुमचा तुम्ही आणायचा. रोपं उभी ठेवायची, आडवी टाकली तर त्या चढवूच देत नाहीत, चालकाशी भांडतात. रेंज त्या वळणावर नीट मिळत नाही, म्हणून मोबाईलवरून पैसे द्यायचा भरवसा धरू नका, रोख न्या. मंगळवारी बंद. दुपारी एक ते तीन जेवणाची सुट्टी, आणि ती त्या पाळतात.

मिरीच्या रोपांबद्दल माझी एक तक्रार त्यांच्या तोंडावरही केली आहे. एका वर्षी दिलेल्या रोपांत बऱ्याच पिशव्यांमध्ये मुळं कुजलेली होती, पावसात पाणी साठून. बदलून दिली, पण लागवडीचे दिवस गेले. घेताना पिशवी हाताने दाबून बघा, माती फार घट्ट आणि वास येणारी असेल तर दुसरी मागा. त्या राग मानत नाहीत.

जायचं तर एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला एकदा जाऊन नाव आणि वाडीची माहिती देऊन या. सातबाऱ्याची झेरॉक्स न्या, विहिरीला मेमध्ये किती हात पाणी राहतं ते बघून ठेवा, आणि शक्य असेल तर दुपारी चारच्या उन्हात वाडीचा एक फोटो काढून न्या, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर तयार असेल. खड्डे मेमध्येच खणून घ्या, पोफळीला हात-दीड हात खोल, माडाला त्याच्या दुप्पट, तळाला शेणखत. रोपं न्यायची ती पाऊस धरल्यावर, मृगाच्या पहिल्या सरीला घाई करू नका. त्या एक तारीख देतात आणि तुमची रोपं नावाच्या चिठ्ठीसकट बाजूला काढून ठेवलेली असतात. तारखेनंतर आठवडाभर वाट बघतात, मग पुढच्या नावाला देतात.